दाजींना हाक कशी मारावी

माझा पुढचा दात अर्धा कसा, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी 'फुटबॉल खेळताना तुटला' असं सांगून मोकळा होतो. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. तो दात खरं तर 'अहो' या शब्दानं तुटला. चेंडू, दाजींचं कोपर, पाटोद्याची मुरमाड जमीन ही सगळी मंडळी तिथं हजर होती, नाही म्हणत नाही. पण गुन्हेगार म्हणाल तर 'अहो'. आता अहोनं दात कसा तुटतो हे ऐकायचं असेल तर जरा बैठक मारून बसा. मला थोडक्यात सांगता येत नाही. थोडक्यात बोलायला मी जन्मात एकदाच शिकलो, आणि तीच ही हकीकत आहे.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या अलीकडं, डोंगराला टेकलेलं. तिथली शाळा चौथीला संपायची. पुढं शिकायचं तर पाटोदा, कारण तिथं सरकारी मदरसा, म्हणजे त्या वेळची मोठी उर्दू शाळा, होता आणि माझी थोरली बहीण, आक्का, तिथं दिलेली होती. वडिलांनी मला एक पोतं ज्वारीसकट बैलगाडीनं तिच्या दारात उतरवलं. आक्काचं घर म्हणायचं आपलं, घर दाजींचं. त्या घरात सकाळ व्हायची ती दाजींच्या चुळा भरण्यानं. आधी जात्याची घरघर, मग आक्काच्या सासूचं वासराला शिव्या घालणं, आणि मग मोरीवर दाजींच्या घशातून असा काही आवाज निघायचा की शेजारची माणसं 'चला, कचेरीची वेळ झाली' म्हणून उठायची. चुलीवर भाकरी टम्म फुगायची. आंबाडीची भाजी, लसणाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. दाजी पाटावर बसेपर्यंत कुणी बसायचं नाही आणि दाजी उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी भाकरी चावायचो तीसुद्धा जपून, आवाज होऊ नये म्हणून.

दाजींचं नाव मी इथं लिहीत नाही. आक्कानं जन्मभर घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ? ते तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकूनच, पण चालायचे असे की तहसीलदारांनी बाजूला व्हावं. मिशा पिळलेल्या, काळी टोपी किंचित तिरकी, आणि उर्दू अशी फर्डी की घरातल्या मांजरालासुद्धा 'तशरीफ ले जाइये' म्हणतील. माणूस मनानं वाईट नव्हता हो. मला त्यांनी स्वतःची जुनी पाटी दिली, ताप आला तेव्हा वैद्याला बोलवायला स्वतः गेले. पण मानाच्या बाबतीत फार हळवे. त्यांना राग येत नसे, ते रुसत. राग बरा असतो, येतो आणि जातो. दाजींचा रुसवा आला की मुक्काम करायचा.

त्यातला सगळ्यात मोठा मुक्काम आमच्याच घरी सुरू झाला होता. दिवाळसणाला दाजी आमच्याकडं आलेले. पंगत बसलेली. माझे चुलते, ग्यानबाकाका, उकळत्या आमटीचं भगुणं घेऊन वाढायला निघाले आणि त्यांचा पाय रांगोळीवरून सटकला. समोर दाजी. काका ओरडले, "ए, सर तिकडं!" दाजी सरकले, आमटी भिंतीवर गेली, जावई वाचला. आम्हां सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण दाजी भरल्या पानावरून उठून उभे. "मला 'ए' म्हणले? मला 'सर' म्हणले? घरच्या जावयाला?" काकांनी कान धरले, वडिलांनी टोपी हातात घेतली, आईनं दाराआडून रडून सांगितलं. दाजी गेले ते गेलेच. आणि त्यानंतर दोन वर्षं आक्काला पंचमीला माहेरी धाडली नाही. आमच्याकडं पंचमीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. गावातल्या लिंबाला झोके बांधतात, आणि ज्या घरची लेक येत नाही त्या घरची बाई झोक्याकडं बघत नाही. आई दोन वर्षं त्या वाटेनं पाण्याला गेली नव्हती, लांबच्या आडावर जायची. म्हणून मला पाटोद्याला सोडताना तिनं एकच बजावलं होतं: "इट्या, त्यांच्याशी नीट बोल. 'अहो' म्हण. काय बी झालं तरी 'अहो' म्हण."

तर मी अहो म्हणत होतो. उठता-बसता. आणि अशात फुटबॉल आला.

मदरशात ड्रिल मास्तर म्हणून खानसाहेब आले ते औरंगाबादेहून. पलटणीतून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, दाढीला मेंदी, आणि पालीला भयंकर भिणारे. वर्गाच्या भिंतीवर पाल दिसली की तास मैदानावर व्हायचा, म्हणून पोरं पाल शोधून आणायची. त्यांनी आल्या आल्या दोन बांबू इकडं, दोन तिकडं रोवले, वर बैलाचा कासरा ताणून बांधला आणि जाहीर केलं की पाटोद्याची टीम होणार. अकरा पोरं काही जमेनात, म्हणून कचेरीतली तरणी माणसं घेतली. त्यात दाजी. पुढं पळणारे सगळेच निघाले. गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. माझे पाय सपाट, मला पळता येत नव्हतं, आणि हात मात्र गुडघ्यापर्यंत. खानसाहेबांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, आणि म्हणाले, "मियाँ, अल्लानं तुमकू दरवाजेके वास्ते बनाया." झालो मी गोलकीपर. पाटोद्याच्या तोंडी तेवढं लांबलचक नाव बसेना, सगळे 'गोलकी' म्हणायचे.

मला वाटलं, आता चेंडू मिळणार. कसला चेंडू! खानसाहेबांनी पहिले कितीतरी दिवस मला चेंडूला हात लावू दिला नाही. "गेंद बाद में. पैले जमीनसे दोस्ती करो." दाजींच्या गोठ्यामागं भुशाची खोली होती, तिथं मला नेलं आणि पडायला शिकवलं. आधी बसल्या बसल्या कुशीवर पडायचं. ते जमलं की गुडघ्यावर उभं राहून. मग उकिडवं बसून. मग कुठं उभ्यानं. कोपर जमिनीला आधी लागलं की ते काठीनं नुसतं हवेत टोचल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "टूटा! हात टूटा! अब अम्माको क्या बोलेगा?" आधी पोटरी, मग मांडी, मग कूस, मग खांदा, असं अंग जमिनीवर घरंगळत गेलं पाहिजे, हात मोकळे राहिले पाहिजेत. चेंडू आला तेव्हासुद्धा आधी त्यांनी तो हातानं, खालून, लहान लेकराकडं टाकावा तसा टाकला. दोन्ही पंजे पसरून चेंडूच्या मागं, अंगठे एकमेकांजवळ, आणि लगेच छातीशी. बोटं पुढं रोखून चेंडूला सामोरं जायचं नाही. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी त्या चुकीपायी आकड्यासारखी वाकडी झाली होती आणि तीच ते धडा म्हणून दाखवायचे. आणि एक नियम असा कडक की मी पुढं जन्मभर पाळला: गोलकी 'हाँ' म्हणेपर्यंत कुणी किक मारायची नाही, आणि गोलकीला धाप लागली की बस. थकलेला गोलकी मोडतो, असं ते म्हणायचे. मी पुढं ड्रिल मास्तर झालो, कितीएक पोरं गोलात उभी केली. एकाचंही हाड माझ्या हातून मोडलं नाही. हल्ली पोरांना पहिल्याच दिवशी जाड हातमोजे घालून उभं करतात आणि चार जण एकदम तोफा डागतात. मग हात गळ्यात बांधून हिंडतात. बघवत नाही मला. काठी आपटत घरी येतो.

घरी मात्र या दोस्तीनं गोंधळ माजवला. दाजींच्या मातोश्री, ज्यांना मी मावशी म्हणायचो, त्यांचं म्हणणं असं की बैल तो भुसा खाईना. "माणसाच्या घामाचा वास येतो त्येला. कावून लोळतो रे तू त्येच्यात? गाढव हायेस का?" त्यात चेंडू कातड्याचा. बाकीचे खेळाडू चेंडूला लाथ मारतात याबद्दल मावशींची काही तक्रार नव्हती; पायात जोडा असतोच की. "पण ह्यो मुडदा त्येला छातीशी धरतो! लेकरावानी! आन् त्याच हातानं माझ्या घरात भाकरी खातो!" मग असं ठरलं की खेळून आलो की आधी आडावर आंघोळ, सदरा बाहेरच वाळत, आणि मगच उंबऱ्याच्या आत. पाटोद्यात पाण्याची काय चैन! आक्का बिचारी माझ्यापायी रोज एक घागर जास्त आणायची. आणि तिच्या डोक्यावर चुंबळ नसायची, कारण घरातल्या सगळ्या चुंबळी माझ्या अंगावर होत्या. भुशावरून मुरमावर आलो तेव्हा कोपरं सोलून निघाली. आक्कानं जुन्या लुगड्याच्या चुंबळी वळल्या, घागरीखाली ठेवतात तशाच, आणि माझ्या कोपरांना, गुडघ्यांना, दोन्ही कुशींना नाडीनं बांधून दिल्या. मी मैदानावर उतरलो की माझ्यावर सहा घागरी रचाव्यात असा दिसायचो. खानसाहेबांनी त्या चुंबळी दाबून पाहिल्या, आक्काच्या घराकडं तोंड करून सलाम केला, आणि म्हणाले की असं सामान पलटणीतसुद्धा नव्हतं.

आता येतो दाताकडं. दाजी फुलबॅक, म्हणजे बरोबर माझ्या पुढ्यात. टोपी माझ्या बांबूला अडकवायची आणि उभं राहायचं. खेळ चांगला होता त्यांचा, पण आलेला प्रत्येक चेंडू आपलाच आहे असं त्यांना वाटे. एके संध्याकाळी उंच चेंडू आला. तो माझा होता, हे मला, खानसाहेबांना आणि बांधावरच्या शेळीलाही कळत होतं. पण दाजी मागं मागं सरकत त्याच्याखाली आले. मी हाक मारली. कशी? आईनं शिकवलेली. "अहो दाजी, असू द्या, मी घेतो!" 'अहो दाजी'ला चेंडू डोक्यावर होता. 'असू द्या'ला आम्ही दोघं हवेत होतो. 'मी घेतो' मी म्हणालोच नाही, कारण तोवर दाजींचं कोपर माझ्या तोंडात होतं. दात मुरमात पडला आणि चेंडू गोलात. दाजींच्या कपाळाला टेंगूळ आलं. घरी आक्का रक्त बघून हातातली भाकरी टाकून धावली. मावशींनी हळद दाबली, मला शिव्या दिल्या, दाजींना दिल्या, आणि मग गपकन रडल्या.

दुसऱ्या दिवशी खानसाहेबांनी आम्हां दोघांना समोरासमोर उभं केलं. ते पहिल्यांदाच खरे चिडलेले दिसले. "गोलकी सब देखता है. बाकी पीठ करके खडे रहते. उसकी आवाज तुमारी आँख है. एक लफ्ज! सिरफ एक! जल्दी, और जोरसे! नई तो आज दाँत गया, कल सर फूटेगा." ते मला म्हणाले, "'छोड' बोलो." दाजी म्हणाले, "छोड? मला? साल्यानं?" मी साला होतो, नात्यानं, शिवी नव्हे, तरी ऐकायला बरं वाटलं नाही. "मग 'छोडिये' म्हणू का?" मी विचारलं. खानसाहेबांनी कपाळाला हात लावला. 'माझा' सुचवलं, तर दाजींना त्यात हक्क सांगितल्यासारखा वाटला. 'सर' हा शब्द तर उच्चारायचीच सोय नव्हती; त्या शब्दानं आमची आई दोन वर्षं लांबच्या आडावर जात होती. 'सरका' म्हणालो तर दाजी म्हणाले, "हां, हे जरा बरं हाय, पण अजून रिकामं रिकामं वाटतंय." खानसाहेब विचारात पडले, दाढी कुरवाळली, आणि एकदम म्हणाले, "सरकार!"

दाजींचा चेहरा उजळला. काय शब्द होता! माझ्या कानाला तो 'सरका'; मागचा 'र' हवेत गेला तरी चालत होतं. दाजींच्या कानाला तो 'सरकार'. एकच लफ्ज, जोरात मारता येतं, आणि अदबही शाबूत. त्या दिवसापासून आमची फळी अशी चालली की काय विचारता. मी 'सरकार!' म्हणून आरोळी ठोकायचो, दाजी मिशीतल्या मिशीत हसत बाजूला व्हायचे, मी चेंडू छातीशी घ्यायचो. मला घरातसुद्धा दुसरी भाकरी न मागता मिळू लागली. दाजी इतके खुशीत होते की मी धीर करून पंचमीचं काढलं. "दाजी, औंदा आक्काला न्यायला गाडी येऊ द्यायची का?" त्यांनी मिशी पिळली. "बघू," म्हणाले. "बीडच्या टीमशी मॅच हाय. तहसीलदारसाहेब स्वतः बघायला येनार. ते होऊ द्या नीट. चार लोकांत तुमच्या घरचं माणूस माझ्याशी कसं वागतंय ते बघू, मग ठरवू." स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. आक्का ऐकत होती. त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं माझ्या चुंबळींच्या नाड्या पुन्हा घट्ट शिवून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "इट्या, संभाळ रं."

मॅचला सगळं पाटोदा लोटलं. बाजारतळाच्या कडेला सतरंजी, तिच्यावर खुर्ची, खुर्चीत तहसीलदारसाहेब, मागं छत्री धरलेला चपराशी. बीडच्या टीममध्ये पोलिसातला एक जवान होता, रेड्यासारखा दांडगा, पायात सरकारी बूट. आमच्यातले निम्मे अनवाणी. तरी आम्ही तग धरला, एक गोलही चढवला. पोरं नाचली. मग त्यांच्या बाजूनं उंच चेंडू आला, दाजी खाली, मी मागून पळत निघालो आणि जीव तोडून आरोळी ठोकली, "सरकार!"

आता यात चूक कुणाची म्हणता? सरावाला तिथं शेळी असायची. त्या दिवशी तहसीलदार होते. कचेरीत इतकी वर्षं काढलेला माणूस. 'सरकार' हा शब्द असा तार स्वरात कानावर पडला, आणि दाजी जिथल्या तिथं थांबले, टाचा जुळवल्या, खुर्चीकडं तोंड केलं आणि वाकून कपाळाला हात लावून सलाम ठोकला. एकटे तेच नव्हेत. आमचा दुसरा फुलबॅक कचेरीतलाच, तोही वाकला. चपराशी छत्री सोडून ताठ झाला. खुद्द तहसीलदारसाहेब अर्धे उठून मागं बघायला लागले, त्यांना वाटलं आपल्यावरचे कुणी मोठे हाकीम आले. मी सलाम करणाऱ्या दाजींना धडकलो, चेंडू आमच्या दोघांवरून टप्पा घेत गोलात गेला. बीडवाल्यांना काय झालं ते कळेचना. गोल झाला म्हणून आनंद करावा की आपणही सलाम करावा, या विचारात ते उभे होते. खानसाहेब मैदानाच्या कडेला उकिडवे बसले आणि डोकं गुडघ्यात घातलं. मला वाटलं रडतात. खांदे हलत होते. ते हसत होते.

बरोबरी झाली. दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता तो शब्द बास." मी विचारलं, "मग कोणता?" ते आपल्या जागेवर चालते झाले. खेळ सुरू झाला आणि माझ्याजवळ शब्दच नव्हता. चेंडू आला की मी नुसता हुं हुं करायचो. आणि अगदी शेवटी शेवटी तो चेंडू आला. उंच, सूर्याच्या बाजूनं. दाजी डोळ्यांवर हात धरून मागं मागं येत होते, त्यांची सगळी नजर वर. आणि समोरून तो जवान, मान खाली घालून, बूट उगारून धावत सुटलेला. दाजींना तो दिसतच नव्हता. मला दिसत होता. खानसाहेब म्हणायचे तसं, सगळं फक्त मलाच दिसत होतं: ते बूट, दाजींचं उघडं डोकं, आणि त्या दोहोंतलं कमी कमी होणारं अंतर. आई, पंचमी, झोका, कशाकशाचं भान राहिलं नाही. पोटातून जे आलं ते आलं.

"हट बे, दाजी!"

दाजी असे खाली बसले की जमिनीत गेले असं वाटलं. मी वरून झेप घेतली, पंजे चेंडूमागं, चेंडू छातीशी, पोटरी, मांडी, कूस, खांदा. आक्काच्या चुंबळींनी जमीन झेलली. तो जवान आम्हां दोघांवरून उडत जाऊन कासऱ्यात अडकला आणि गोलाचे दोन्ही बांबू घेऊन पलीकडं पडला. शिट्टी झाली. मॅच बरोबरीत सुटली. मला कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं.

पण फुटबॉलचं कुणाला पडलं होतं? सगळे दाजींकडं बघत होते. मग एक म्हातारा दुसऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "दाजीला बे म्हनलं की रं त्येनं!" आणि ती बातमी माझ्या आधी घरी पोचली. मी दाजींच्या मागं, हातात त्यांची टोपी घेऊन, चालत आलो. आडावर आंघोळ करताना मी पाण्याबरोबर रडून घेतलं. दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, बोलले नाहीत. आक्कानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागत होतं. ती गुपचूप भाकरी थापायची आणि पंचमी जवळ येत चालली. मी खानसाहेबांकडं जाऊन म्हणालो, मला नको गोल, दुसरा कुणी उभा करा. ते म्हणाले, "मियाँ, तुम सही गिरे, सही पकडे, सही बोले. अब आगे उनकी मर्जी."

पंचमीच्या आदल्या दिवशी दारात बैलगाडी वाजली. आईनं न विचारताच मुराळी धाडला होता, म्हणजे लेकीला न्यायला येणारं माणूस; आणि माणूस कोण, तर ग्यानबाकाका! घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणे. आईनं त्यांना तोंड उघडायची बंदी केली होती. काका अंगणात हात जोडून उभे राहिले, हसले, पुन्हा हात जोडले. मावशींनी पाणी दिलं, ते मुक्यानं प्याले. दाजी ओसरीवरून उतरले. त्यांच्या हातात आक्काचं बोचकं होतं. ते त्यांनी स्वतः गाडीत ठेवलं आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. टोपी काढली.

"त्या मॅचपासून मी एकच इचार करतोय," ते म्हणाले. एरवीची फर्डी उर्दू कुठं गेली कुणास ठाऊक. "त्या गड्याचा बूट माझ्या केसावरून गेला. वारा लागला मला त्येचा. तुमी 'अहो' म्हनत बसला असता, तर आज तुमची आक्का कुंकू पुसून माहेरी गेली असती." मग ते काकांकडं वळले. "आन् तुमी. त्या आमटीचं. माझ्या आत्ता ध्यानात आलं." काका गहिवरून काहीतरी बोलायला गेले, आईची बंदी आठवली, आणि त्यांनी दाजींना सरळ मिठी मारली. "पण इठ्ठलराव," दाजी त्या मिठीतून म्हणाले, "मैदानात. घरात न्हाई म्हनायचं तसलं."

दाजीही गाडीत बसले. आमच्या गावात शिरताना आई लिंबाखाली उभी होती, झोक्याची दोरी हातात धरून. आक्का गाडी थांबायच्या आधीच उतरली. त्या दिवशी पुरणाची दिंडं झाली. दाजींनी इतकी खाल्ली की दुपारी ओसरीवरच्या बाजेवर तोंडावर टोपी घेऊन घोरायला लागले. आक्कानं मला परसात ओढलं. तिचे डोळे चमकत होते. लग्नाआधी चमकायचे तसे. "कसं म्हनलास रं? मला कुनी नीट सांगंना. एकदा म्हनून दाखव की." मी नको नको म्हणत होतो. "ए, म्हन की! जोरात. तितं म्हनलास तसंच." मग मीही बहीण-भावांच्या जुन्या वेडात शिरलो, छाती भरून घेतली आणि म्हणालो, "हट बे, दाजी!"

ओसरीवर धाडकन आवाज झाला. आम्ही पळत जाऊन बघितलं तर दाजी बाजेखाली, कुशीवर पडलेले, डोकं दोन्ही हातांत झाकून. पोटरी, मांडी, कूस, खांदा, सगळं कसं बरोबर. झोपेतसुद्धा कोपर टेकलं नव्हतं. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "गेला का?" आक्का दाराच्या चौकटीला धरून हसत खाली बसली. तिला तसं हसताना मी कितीतरी दिवसांनी बघत होतो, आणि आत आई पदर तोंडात कोंबून हसत होती.

आक्का आता नाही. दाजी तिच्या आधीच गेले. त्यांचा संसार लांबला, चांगला झाला, लेकरंबाळं झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून दुसऱ्या बायका 'अहो' म्हणायच्या, 'ऐकलं का' म्हणायच्या. आक्का मात्र त्या पंचमीपासून त्यांना 'सरकार' म्हणायला लागली. पाटोद्यात त्याचं केवढं कौतुक! बघा, कशी नवऱ्याचा मान ठेवते. दाजी ते ऐकून म्हातारपणीसुद्धा मिशीवर हात फिरवायचे. पण त्यांना स्वयंपाकघराच्या दारात आडवं उभं राहून गप्पा मारायची खोड होती, आणि आक्का आतून उकळत्या आमटीचं भगुणं घेऊन यायची. ती हळूच म्हणायची, "सरकार." दाजी खुशीत हसायचे आणि बाजूला व्हायचे. मग आक्का माझ्याकडं बघायची.